आधी वस्तू, मग काळ, शेवटी नाव: हस्तिदंतावर रंगवलेल्या अभिनेत्रीच्या लघुचित्राची ओळख कशी पटवावी

लंडनच्या जुन्या रंगभूमीवरच्या एखाद्या अभिनेत्रीचं म्हणून सांगितलेलं, तळहातात मावेल एवढं चित्र हाती आलं की बहुतेक जण पहिल्यांदा ते उलटं करतात. मागे कागदाच्या चिटोऱ्यावर 'मिसेस सिडन्स' असं लिहिलेलं सापडतं, आणि तिथून पुढचं सगळं काम त्या दोन शब्दांसाठी पुरावे गोळा करण्यात जातं. नाक तिच्यासारखं वाटू लागतं, डोळे तर हुबेहूब तेच. अशा रीतीने नाव पक्कं झालेल्या कितीतरी चित्रांतली बाई म्हणजे गाजलेली अभिनेत्री सेरा सिडन्स (१७५५–१८३१) असण्याची शक्यता फार कमी असते. काही चित्रं तर तिच्या मृत्यूनंतर पन्नास-साठ वर्षांनी तयार झालेली असतात.

चूक नजरेची नाही, क्रमाची आहे. नाव हा शेवटचा टप्पा. त्याआधी वस्तू काय आहे, ती हाताने रंगवलेली आहे का, केव्हाची आहे आणि कोणत्या हातची आहे, हे याच क्रमाने ठरवायचं असतं. खालचे टप्पे साधारण १७६० ते १८४० या काळातल्या इंग्लंडमधल्या चित्रांसाठी आहेत.

## तयारी: टेबल, उजेड, वही

लागणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत: दहापट मोठं दाखवणारं भिंग, जमलं तर तीसपटीचं आणखी एक, मिलिमीटरची पट्टी, उष्णता न देणारी छोटी एलईडी विजेरी, फोमचा किंवा जाड सुती कापडाचा पांढरा तुकडा, पेन्सिल आणि वही. चित्राजवळ पेन नको, शाईचा एक थेंब पुरे होतो. चहाचा कप दुसऱ्या टेबलावर. अंगठ्या, बांगड्या आणि गळ्यातली लांब साखळी काढून ठेवा, कारण लॉकेटच्या काचेवर ओरखडा बहुतेक वेळा त्यांचाच उठतो.

वहीचं पान आधीच दोन भागांत विभागा. डावीकडे फक्त जे दिसतं ते, उजवीकडे त्यावरून काढलेला तर्क. 'केस राखाडी-पांढरे, कपाळावरून उंच' हे डावीकडे. '१७८० च्या आसपास?' हे उजवीकडे. ही सवय शाळकरी वाटेल, पण महिन्याभराने वही उघडाल तेव्हा स्वतःचा कोणता तर्क नकळत वस्तुस्थिती बनून बसला आहे हे तिच्यामुळेच कळतं.

मागे नाव लिहिलेलं असेल तर ते सध्या वाचू नका. वाचलं असेल तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि पान उलटा.

## टप्पा १: उघडायचं नाही, पुसायचं नाही

हस्तिदंताची ही चकती सहसा एक मिलिमीटरहूनही पातळ असते आणि मागून कागदावर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवलेली असते. रंग जलरंग, डिंकात कालवलेले. ओलं बोट लागलं तर गाल उतरतो, पापणी पुसली जाते, आणि तिथे पुन्हा काहीही भरलं तरी ते मूळ राहत नाही. काचेवर फुंकर मारून पुसणं हा तर सर्रास होणारा अपघात. तोंडातली वाफ आणि थुंकीचे बारीक कण काचेच्या कडेने आत शिरू शकतात. काच पुसायचे फवारे त्याहून वाईट.

काच बाहेरून कोरड्या, मऊ कापडाने हलकेच टिपा. एवढंच.

काच आणि हस्तिदंत यांच्या कडेभोवती पुष्कळदा बैलाच्या आतड्यापासून केलेल्या पातळ पापुद्र्याची पट्टी चिकटवलेली असते. आत धूळ आणि दमट हवा जाऊ नये म्हणून ती लावत. सही शोधण्याच्या मोहाने कोंदण उचकटलं की ही पट्टी फाटते, आणि मूळ बांधणी शाबूत असल्याचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. मागचा कागद पाहायचाच असेल तर ते काम लघुचित्रांचा अनुभव असलेल्या जतनतज्ज्ञाचं आहे. बहुतेक वेळा न उघडताही पुरेसं कळतं.

आता अवस्था नोंदवा. विजेरी जवळजवळ आडवी धरून, कडेने उजेड टाकून पाहा:

- हस्तिदंत वाकलं आहे का, उभी चीर आहे का. दमटपणा बदलला की हस्तिदंत फुगतं-आक्रसतं. मागचा पुठ्ठा त्याला हलू देत नाही, मग ते तडकतं, बहुधा रेषांच्याच दिशेने.
- काचेच्या आतल्या बाजूला बारीक थेंब, धुरकटपणा किंवा स्फटिक आहेत का.
- केस, गडद पार्श्वभूमी अशा जास्त डिंकाच्या जागी पांढुरके ठिपके आहेत का. ती बुरशी असू शकते.
- रंगाचे पापुद्रे सुटत आहेत का.

थांबा: काचेच्या आत थेंब दिसत असतील तर पुढचे टप्पे लांबणीवर टाका. जुनी काच बिघडली की तिच्यातून अल्कलीयुक्त ओलावा सुटतो आणि तो खालच्या रंगाला खातो. काच बदलावी लागते, तीही तज्ज्ञाकडूनच. चित्र उन्हात ठेवून थेंब वाळवणं म्हणजे हस्तिदंत तडकवणं.

काम नसेल तेव्हा चित्र आडवं, चेहरा वर, अंधारात ठेवा. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर असावी, आणि प्रदर्शनात मांडलंच तर उजेड ५० लक्सच्या वर नको. स्नानघराला लागून असलेली भिंत, खिडकीसमोरची जागा आणि दिवा लावलेलं काचेचं कपाट टाळा.

## टप्पा २: फोटो, तुलनेला उपयोगी पडतील असे

'फोटो पाठवा' म्हटलं की फ्लॅशचा पांढरा गोळा चेहऱ्यावर बसलेला फोटो येतो. लॉकेटची काच बहुधा फुगीर असते, त्यामुळे समोरचं सगळं तिच्यात उतरतं: दिवा, छत, फोन धरलेला हात. उपाय सोपा आहे. काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडा, भोकातून फोटो घ्या आणि दिवे दोन्ही बाजूंनी, साधारण ४५ अंशांवरून, पातळ पांढऱ्या कागदाआडून टाका. फ्लॅश बंद.

कमीत कमी एवढे फोटो हवेत: समोरून पूर्ण, बाजूला पट्टी ठेवून, पाठ पूर्ण, कडेच्या उजेडात समोरून, चेहरा, केस, वस्त्राची किनार आणि पार्श्वभूमीचा एक कोपरा यांचे जवळून. एका फोटोत राखाडी रंगाचं कार्ड ठेवा, म्हणजे पुढे रंगांबद्दल वाद झाला तर आधार राहील. फोनमधलं 'सौंदर्य' वाढवणारं तंत्र बंद करायला विसरू नका. ते त्वचा गुळगुळीत करतं आणि नेमके तेच ठिपके पुसून टाकतं ज्यांच्यावर पुढचा टप्पा उभा आहे.

मापं चित्राच्या दिसणाऱ्या भागाची, उंची आधी आणि रुंदी नंतर, मिलिमीटरमध्ये. चौकटीचं माप वेगळं लिहा.

## टप्पा ३: खरोखर हस्तिदंत? खरोखर रंगवलेलं?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करतात. खऱ्या हस्तिदंतावर छापलेलं चित्र असू शकतं, आणि हाताने सुंदर रंगवलेलं चित्र सेल्युलॉइडवर असू शकतं.

हस्तिदंताबद्दल लोकांना एकच खूण पाठ असते: एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी. ती जाळी सुळा आडवा कापला तर दिसते. चित्रासाठीची चकती बहुधा सुळ्याच्या लांबीच्या दिशेने कापलेली असते, म्हणून तिच्यावर जाळी शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे दिसतात त्या जवळजवळ समांतर, किंचित लहरत जाणाऱ्या, असमान अंतराच्या फिकट रेषा. पार्श्वभूमी किंवा चेहऱ्याचा उजळ भाग कडेच्या उजेडात तिरका पाहिला की त्या उमटतात. रेषा यंत्राने आखल्यासारख्या एकसारख्या, सरळ आणि समान अंतरावर असतील तर ते हस्तिदंताची नक्कल करणारं सेल्युलॉइड किंवा नंतरचं प्लास्टिक असण्याचा संशय घ्या. बारीक गडद ठिपके किंवा तुटक रेघोट्या दिसल्या तर हाड असू शकतं. हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या तशा दिसतात.

सावध: तापलेली सुई टोचून पाहण्याची चाचणी अजूनही सुचवली जाते. ती करू नका. हस्तिदंत असेल तर चित्राला कायमचा डाग पडेल, आणि सेल्युलॉइड असेल तर ते भडकन पेट घेऊ शकतं.

आता दहापटीचं भिंग चेहऱ्यावर आणा. हाताने रंगवलेल्या चेहऱ्यात सावल्या कशा तयार झाल्या आहेत ते बघा. बारीक रेघा एकमेकींवरून गेलेल्या असतात किंवा छोटे छोटे ठिपके दाटीवाटीने दिलेले असतात. त्यांची लांबी, दाटी आणि दिशा बदलत जाते; गालाच्या गोलाईबरोबर त्या वळतात. चेहऱ्यावरचा रंग पातळ, पारदर्शक असतो, खालच्या हस्तिदंताचा उजळपणा त्यातून वर येतो. काही वेळा तो उजळपणा वाढवायला चेहऱ्याच्या मागे चांदीचा वर्खही लावलेला असतो. कपड्यांवर मात्र जाड, अपारदर्शक रंग चालतो. लेसची टोकं, मोती, फीत यांना कडेच्या उजेडात किंचित उठाव दिसतो.

याउलट, ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात, फुलासारख्या गटांत मांडलेले रंगीत ठिपके दिसले तर ते छपाईचं काम. आणि चेहऱ्यात एकही रेघ किंवा ठिपका नाही, सावली धुरासारखी सलग आहे, वर कुठेकुठे गालावर आणि ओठांवर रंग चढवला आहे असं असेल तर खाली छायाचित्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून असे छायाचित्रावर रंगवलेले तुकडे बरेच झाले. ते टाकाऊ नव्हेत, पण १७८५ सालच्या अभिनेत्रीचे प्रत्यक्ष बसवून काढलेले नाहीत एवढं नक्की.

पडताळा: लेसच्या जागी भिंग धरा. छापील चित्रात लेसही त्याच ठिपक्यांची, सपाट असते. छापील चेहऱ्यावर फक्त लेस आणि दागिने हाताने रंगवून फसवण्याची युक्ती जुनी आहे. म्हणून निर्णय चेहऱ्यावरून घ्या.

## टप्पा ४: चौकट आणि पाठ

चौकट बदलता येते. त्यामुळे ती चित्राचं वय सिद्ध करत नाही. पण शंका मात्र चांगली दाखवते.

अठराव्या शतकाच्या शेवटी सोन्याच्या किंवा सोन्यासारख्या मिश्रधातूच्या अंडाकृती कोंदणात चित्र बसवून मागे काचेखाली केसांची वेणी, निळ्या काचेवर सोनेरी आद्याक्षरं असं पुष्कळदा करत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळ्या, चकचकीत, कागदाच्या लगद्याच्या चौकोनी चौकटी आणि वर टांगायला पितळी पान किंवा ओकचं फळ असा प्रकार रुळला. आणि पियानोच्या पट्ट्यांवरच्या हस्तिदंती किंवा हाडाच्या पातळ फळ्या जोडून केलेली चौकट दिसली तर कान टवकारा. तशा चौकटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला सजावटीच्या नकलांसाठी भरपूर वापरल्या गेल्या. आत प्रसिद्ध स्त्री, खाली ठसठशीत खोटी सही: हे त्यांचं नेहमीचं रूप.

मागची आद्याक्षरं चित्रातल्या व्यक्तीचीच असतात असं नाही. चित्र देणाऱ्याची, घेणाऱ्याची किंवा दोघांची गुंफलेली असू शकतात. केस तर कोणाचेही. मागच्या बाजूला जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा लावलेला दिसला तर त्यावरची तारीख बांधणीची सर्वांत आधीची मर्यादा दाखवते: कागद त्या तारखेनंतरच लावला, केव्हा ते मात्र कळत नाही.

आता, आणि आत्ताच, वहीचं शेवटचं पान उघडून ते नाव वाचा. नावाला तीन प्रश्न विचारा.

पहिला: ही लेखणी केव्हाची? चित्रापेक्षा शंभर वर्षांनी लिहिलेली चिठ्ठी म्हणजे कुटुंबातली आठवण किंवा दुकानदाराची इच्छा.

दुसरा: नाव कोणत्या रूपात आहे? एलिझाबेथ फॅरन १७९७ मध्ये रंगभूमी सोडून डर्बीच्या अर्लशी लग्न करून काउंटेस झाली. चिठ्ठीवर 'काउंटेस ऑफ डर्बी' असेल तर चिठ्ठी १७९७ च्या आधीची असूच शकत नाही, मग चित्रातली केशभूषा काहीही सांगो.

तिसरा: 'मिसेस' म्हणजे काय? रंगभूमीवर हे बिरुद लग्नावर अवलंबून नव्हतं. डोरोथी जॉर्डनने (१७६१–१८१६) कधी कुणा जॉर्डनशी लग्न केलं नव्हतं. तेव्हा विवाहनोंदीत नवऱ्याचं आडनाव शोधत जाऊन कुणा भलत्याच कुटुंबात पोचणं ही इथली ठरलेली घसरण आहे.

## टप्पा ५: काळ ठरवा, आणि केसांवरून ठरवा

अभिनेत्रीच्या चित्रात हा टप्पा इतर स्त्रियांच्या चित्रांपेक्षा अवघड असतो. घरंदाज बाई तिच्या काळाचे कपडे घालून बसते. अभिनेत्री भूमिकेचे कपडे घालू शकते. चुणीदार कॉलर, फाकलेल्या बाह्या, मोत्यांच्या माळा असा सतराव्या शतकाचा थाट १७७० किंवा १७८० च्या चित्रात सहज सापडतो. त्यात भर म्हणजे हा जुना थाट त्या काळात वेशांतराच्या मेजवान्यांसाठी आणि व्यक्तिचित्रांसाठी बिगरनट्यांमध्येही लोकप्रिय होता.

पण केस सहसा स्वतःच्या काळाचेच राहतात. बाई राणीच्या वेशात असो वा मेंढपाळिणीच्या, डोक्यावरची उंची आणि बटांची ठेवण चालू फॅशनची असते. म्हणून कपड्यांकडे हात आडवा धरून ते झाका आणि फक्त डोकं पाहा.

१७७० च्या दशकात केस कपाळावरून उंच चढवलेले, पावडर लावून राखाडी. १७८० च्या दशकात उंचीपेक्षा रुंदी वाढते, डोक्याभोवती कुरळ्यांचा फुगारा, खांद्यावर सुटलेल्या बटा, कधी मोठी टोपी. अंगावर पांढरी मलमल. १७९५ मध्ये ब्रिटनमध्ये केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसला आणि पावडर झपाट्याने मागे पडली. पावडर लावलेले केस म्हणजे त्याआधीचं चित्र, असा ढोबळ पण उपयोगी अंदाज त्यातून निघतो. १८०० नंतर कंबर छातीखाली चढते, केस आखूड किंवा ग्रीक पुतळ्यासारखे फितीत बांधलेले. १८३० च्या दशकात कानांजवळ बटांचे झुबके, डोक्यावर गाठ, फुगलेल्या बाह्या.

आकारही थोडी साथ देतो. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतची चित्रं लहान, बऱ्याचदा चार-पाच सेंटिमीटरांच्या आतली. १७८०–९० कडे सात-आठ सेंटिमीटरांची अंडाकृती रूढ होतात. एकोणिसाव्या शतकात चौकोनी आणि मोठी चित्रं वाढतात.

पडताळा: केस एक दशक सांगतात आणि कंबर दुसरं, तर घाईने मधलं वर्ष काढू नका. नंतरच्या नकलाकाराने दोन चित्रांतून उचललं असण्याची शक्यता आधी तपासा. नकलांमध्ये चेहऱ्यालाही नकलाकाराच्या काळाची हवा लागते. १९०० च्या सुमाराच्या नकलेतली अठराव्या शतकाची बाई टपाल-कार्डावरच्या सुंदरीसारखी गोड दिसते.

## टप्पा ६: हात कुणाचा?

इथे फार वेळ घालवू नका. सही पाहा, शैली पाहा, पुढे चला.

रिचर्ड कॉसवेचं (१७४२–१८२१) नाव सर्वांत जास्त चित्रांवर खोटं घातलं गेलं आहे. तो समोर क्वचितच सही करी. त्याची ओळखीची सही मागच्या कागदावर लॅटिनमध्ये, वेल्सच्या युवराजाचा मुख्य चित्रकार या बिरुदासह असते, आणि ते बिरुद त्याला १७८५ मध्ये मिळालं. म्हणजे समोर मोठ्या अक्षरांत 'कॉसवे' दिसलं तर ती जमेची बाजू नव्हे. जॉन स्मार्ट याच्या उलट: आद्याक्षरं आणि वर्ष समोर घालणारा. १७८५ ते १७९५ तो मद्रासमध्ये होता, आणि त्या वर्षांच्या चित्रांवर आद्याक्षरं-वर्षाबरोबर भारतासाठीचं एक अक्षरही असतं. लंडनच्या नाट्यगृहातल्या नायिकेला त्याने १७९० मध्ये समोर बसवून रंगवलं असं कुणी सांगितलं, तर तिथेच थांबवा. जॉर्ज एंगलहार्टने १७७५ ते १८१३ या काळातल्या आपल्या ४,८५३ चित्रांची मानधनासह नोंदवही ठेवली होती. त्याच्या हातचं वाटणारं चित्र असेल तर नाव त्या यादीत आहे का हे पाहता येतं. अँड्र्यू प्लिमरची १७८५ ते १७८९ ची चित्रं आद्याक्षरं-वर्षासह मिळतात, पुढची बहुधा बिनसहीची.

चित्रकार ठरवण्याचा खरा उपयोग पुढच्या टप्प्यात आहे: तो चेहऱ्यात काय बदल करी हे कळतं. कॉसवे डोळे मोठे करी. प्लिमरच्या बायका तर एकमेकींच्या बहिणी वाटतात, सगळ्यांचे डोळे तसेच टपोरे नि चमकदार. डोळ्यांवरून ओळख पटवणं यात किती धोका आहे ते यावरून समजावं.

## टप्पा ७: ही अभिनेत्रीच आहे हे कशावरून?

हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही. देखणी बाई, गालावर लाली, हातात मुखवटा: झाली अभिनेत्री.

लाली त्या काळातल्या उच्चभ्रू बायका लावतच. मुखवटा विनोदी रंगभूमीच्या देवतेची खूण असतो खरा, आणि कट्यार-प्याला शोकान्त नाटकाच्या देवतेची. पण मुखवटा घालून जायच्या मेजवान्यांचंही ते चिन्ह होतं. पुरुषी वेश जरा जास्त बोलका आहे, कारण स्त्रीने पुरुषवेशात करायच्या भूमिका लोकप्रिय होत्या आणि जॉर्डनचं नाव त्यांच्यामुळेही गाजलं. तरी घोडेस्वारीचा जाकीट-टोपी पोशाख आणि पुरुषवेश यांत गल्लत होते. स्वारीच्या पोशाखातल्या कितीतरी बायका अशाने रंगमंचावर ढकलल्या गेल्या आहेत.

एका खुणेवर विसंबू नका. भूमिकेचा वेश, त्या भूमिकेची ठरावीक वस्तू आणि स्वतंत्र लेखी दुवा, या तिन्हींपैकी दोन तरी हवेत. नसतील तर 'अज्ञात स्त्री' लिहा. त्यात कमीपणा नाही.

आणि रंगांवरून वर्णन जुळवताना एक लक्षात ठेवा: लाल लाखी रंग उजेडाने उडतात. आज फिकट, राखाडी दिसणारी बाई रंगवली तेव्हा गुलाबी असू शकते. कोंदणाच्या कडेखाली झाकला गेलेला रंग कधीकधी मूळ छटा राखून असतो. तो भिंगातून कडेकडेने दिसला तर टिपा.

## टप्पा ८: छापचित्रांशी तुलना

सगळ्यात फलदायी टप्पा हाच. लोकप्रिय अभिनेत्रींची ताम्रपटावरून, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून, छापलेली चित्रं मोठ्या संख्येने विकली जात. ब्रिटिश म्युझियम, लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांचे संग्रह घरबसल्या पाहता येतात. शेवटच्या संग्रहालयात लघुचित्रं आणि रंगभूमी दोन्हींचा मोठा साठा आहे. १६६० ते १८०० मधल्या लंडनच्या रंगकर्मींचा १६ खंडांचा चरित्रकोशही आहे. त्यात एकेका व्यक्तीच्या ज्ञात चित्रांची यादी दिलेली असते. तुमचं चित्र त्या यादीतल्या कशाशी जुळतं का, हे आधी बघा.

क्रम असा ठेवा:

१. काळ ठरला असेल त्या दशकात रंगमंचावर असलेल्या अभिनेत्रींचीच चित्रं काढा. एकटी सिडन्स काढून तिच्याशीच ताडून पाहणं म्हणजे एकाच मुलाला वर्गात उभं करून हजेरी घेणं.

२. प्रत्येक छापचित्राखालची बारीक अक्षरं वाचा. 'पिंक्सिट' ज्याच्या नावापुढे तो मूळ चित्रकार, 'स्कल्पसिट' ज्याच्या पुढे तो कोरणारा. प्रकाशनाची तारीख असेल तर ती रचना निदान तेव्हा अस्तित्वात होती.

३. आता मांडणी जुळवा: डोक्याचा कल, हात, कापडाच्या घड्या. घडीला घडी जुळली तर तुमच्या हाती बहुधा छापचित्रावरून केलेली नक्कल आहे. प्रत्यक्ष बसवून काढलेल्या दोन चित्रांत घड्या इतक्या जुळत नाहीत.

४. दिशा पाहा. ताम्रपटावर जसं कोरलं त्याच्या उलट कागदावर उमटतं. म्हणून तुमचं चित्र छापचित्राच्या आरशातल्या प्रतिमेसारखं असेल तर ते मूळ असण्याची शक्यता उघडते. पण शक्यताच. काही कोरणारे मुद्दाम उलटं कोरून दिशा राखत. एवढ्या एका मुद्द्यावर 'मूळ चित्र सापडलं' असं जाहीर करू नका.

५. मांडणी कशाशीच जुळत नसेल तेव्हाच चेहऱ्याकडे या. डोळे आणि ओठ सोडून द्या, चित्रकाराची खुशामत तिथेच होते. कानाची ठेवण, केसांची कपाळावरची सुरुवात, नाक ते वरच्या ओठाचं अंतर, हनुवटी: हे बघा. एकाच कोनातले चेहरे घ्या. समोरून काढलेला आणि बाजूने काढलेला जुळवून काही कळत नाही.

उदाहरण म्हणून सिडन्सच घ्या. रेनॉल्ड्सने तिला १७८४ मध्ये शोकान्त नाटकाच्या देवतेच्या रूपात रंगवलं, गेन्सबरोने १७८५ मध्ये मोठ्या काळ्या टोपीत. या दोन चित्रांच्या छोट्या नकला पुढे शतकभर होत राहिल्या. काळी पिसांची टोपी, निळे पट्टे, गळ्याला काळी फीत, सगळं जागच्या जागी असलेलं हस्तिदंती चित्र समोर आलं तर बाई सिडन्स आहे हे खरंच, फक्त ती चित्रकारासमोर बसली नव्हती. चित्रकार गेन्सबरोच्या चित्राच्या छापासमोर बसला होता.

पडताळा: तारखा एकमेकींवर ठेवा. सिडन्सला लंडनच्या ड्रूरी लेन नाट्यगृहात खरं यश १० ऑक्टोबर १७८२ पासून मिळालं आणि २९ जून १८१२ ला तिने लेडी मॅकबेथच्या भूमिकेत निरोप घेतला. जॉर्डन ड्रूरी लेनवर १८ ऑक्टोबर १७८५ ला पहिल्यांदा उभी राहिली. केसांवरून १७७५ ठरलेल्या चित्राला 'ड्रूरी लेनची जॉर्डन' म्हणता येत नाही. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

## टप्पा ९: नोंद कशी लिहायची

आता नाव लिहा, पण किती खात्रीने ते त्याच वाक्यात दिसू द्या. काळाची सही किंवा लेखी नोंद आणि स्वतंत्र तुलना दोन्ही असतील तर नुसतं नाव. एकच असेल तर 'बहुधा'. फक्त मागची चिठ्ठी असेल तर 'अज्ञात स्त्री, परंपरेने श्रीमती सिडन्स म्हणून ओळखली जाणारी'. छापचित्रावरून केलेलं असेल तर 'अमुकच्या चित्रावरून, १७८५ नंतर'. चुकीचं ठरलेलं जुनं नावही नोंदीतून काढू नका. पुढचा माणूस त्याच नावाने शोधत येईल.

चिठ्ठी खोटी निघाली म्हणून फाडू नका, सोलून काढू नका.

## टप्पा १०: विकण्याआधी, देशाबाहेर नेण्याआधी

ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंत कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे आणि हस्तिदंती वस्तूंच्या विक्रीवर जवळजवळ सरसकट बंदी आहे. १९१८ च्या आधी केलेली, ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंतची व्यक्ति-लघुचित्रं त्यातून वगळली आहेत, पण आपोआप नाही: विक्रीआधी नोंदणी करावी लागते, आणि काळाचा आधार द्यावा लागतो. टप्पा ५ ची वही आणि टप्पा २ चे फोटो तिथे कामी येतात. चित्र जवळ बाळगणं, वारशाने मिळणं किंवा भेट देणं यावर ही बंदी नाही.

सीमा ओलांडायची असेल तर संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमही लागतात, कितीही जुनं आणि कितीही लहान असलं तरी. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. परदेशी लिलावात ऑनलाइन बोली लावून चित्र टपालाने मागवण्याचा विचार असेल तर बोलीच्या आधी दोन्ही देशांच्या वन्यजीव खात्यांकडे लेखी विचारा. जप्त झालेलं चित्र परत मिळेल असं गृहीत धरू नका.